गोड्या पाण्याने धुतलेलं चित्र

खरी कलाकृती काळावर मात करते. हे मी पुष्कळ ग्रंथांत वाचलं आहे. त्यातले निदान दोन ग्रंथ वाळवीने खाल्लेले होते, पण या वाक्याखाली कुणीतरी ओढलेली पेन्सिलीची रेघ शाबूत होती.

मी ज्या चित्राबद्दल सांगतो आहे त्याने काळावर मात केली होती की नाही ते माहीत नाही; दोन राजवटींवर मात्र नक्की केली होती. आधी जर्मनांनी असली चित्रं विकृत ठरवली. पुढे चित्रकाराच्या स्वतःच्याच देशातल्या कम्युनिस्ट सरकारने ती निरुपयोगी ठरवली, कारण त्यांत कामगार दिसत नव्हता. या दोन्हींतून ते चित्र सहीसलामत सुटलं, गालिच्यात गुंडाळून सरहद्द ओलांडून आलं आणि बर दुबईतल्या एका घराच्या भिंतीवर लागलं. तिथे त्याची गाठ माझ्या मामूशी पडली.

साठचं दशक संपत आलं होतं. अमिरात हे नाव अजून जन्माला यायचं होतं, हिंदुस्थानी रुपयाचा अंमल संपून रियाल आला होता, आणि खाडीच्या तोंडाशी नवं बंदर बांधायला घेतलं होतं. त्या कामावर देखरेख करणाऱ्या एका इंग्रज सल्लागार कंपनीत मी टायपिस्ट होतो. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावातून निघताना खिशात बी. ए. ची पदवी होती. तिचा उपयोग मला इतकाच झाला की वाळूवरचे अहवाल मी व्याकरणाच्या चुका न करता टाईप करत असे. समुद्राचा तळ खरवडून वाळू वर काढायची, ती चाळण्यांतून चाळायची, कुठल्या जाडीचे कण किती ते पाहायचं, असं ते काम. ते बघणारे इंजिनियर म्हणजे आमचे चेक साहेब.

साहेब पन्नाशीचे, उंच, जरा वाकलेले. महायुद्ध संपून तिकडे नवं सरकार आलं तेव्हा देश सोडून निघालेले. बायको नव्हती, मुलं नव्हती. आई होती, तिकडेच, एका लहान गावात. ती शाळामास्तरीण. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एका उन्हाळ्यात तिने माळ्यावरची खोली एका तरुण चित्रकाराला भाड्याने दिली होती, आणि भाडं थकलं तेव्हा त्याने हे चित्र दिलं. मुलगा देश सोडताना आईने ते गुंडाळून त्याच्या हातात ठेवलं. ते दोघे त्यानंतर भेटलेले नव्हते. चित्रकाराचं नाव साहेबांखेरीज कुणाला उच्चारता येत नसे, आणि दोनदा प्रयत्न करून मीही तो नाद सोडला होता.

त्यांच्या घरी स्वयंपाकाला माझा मामू होता. मीच लावून दिला होता. सगळी उमर गलबतावर भंडारी म्हणून काढलेला माणूस. म्हणजे हलत्या गलबतावर चुलीपाशी बसून पंधरा-वीस खलाशांना जेवू घालणारा. मंगळूरहून कौलं, बसऱ्याहून खजूर, असं त्याचं आयुष्य गेलं होतं. घर हलत नाही, एवढी एकच तक्रार त्याला जमिनीवरच्या नोकरीबद्दल होती. मी संध्याकाळी त्याच्याकडे जेवायला जाई आणि जेवण होईपर्यंत साहेबांच्या दिवाणखान्यात पुस्तकं चाळत बसे. त्यामुळे चित्राची आणि माझी चांगली ओळख झाली.

वर्णन करणं अवघड आहे. दोन हात रुंद, त्याहून थोडं कमी उंच. निळसर राखाडी रंग, तो ब्रशने दिलेला नव्हे तर फवाऱ्याने उडवलेला. मध्येच जाळीचे ठसे. चित्रकाराने कापडावर जाळी पसरून वरून रंग उडवला होता आणि मग जाळी उचलली होती. खालच्या अंगाला, ओल्या रंगात, वाळू टाकलेली. बारीक, करडी, नदीची वाळू. तिचा एक उंचवटा आडवा गेला होता आणि त्यावर दिव्याचा उजेड तिरका पडला की सावल्या पडत. बाकी काही नाही. झाड नाही, माणूस नाही. साहेब सांगत, त्या काळी त्यांच्या देशात तरुणांचं एक टोळकं होतं. वस्तू काढायचीच नाही, वस्तू विसरल्यावर मनात जे उरतं ते काढायचं, असा त्यांचा बाणा होता. मी मनात म्हणालो, मग चित्र ओळखायला फार बरं, काहीच चुकत नाही. पण पुढे महिनोन् महिने ते पाहत बसल्यावर माझी थट्टा कमी झाली. संध्याकाळी दिवा लागला की त्या वाळूकडे बघताना मला काहीतरी आठवल्यासारखं होई, आणि काय ते कधीच कळत नसे. एवढं तरी त्या टोळक्याला साधलं होतं.

मामूला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. "पाग हाय," तो म्हणाला होता. "फेकून मारतात तसलं जाळं. पाण्याखालून बघितला की असाच दिसतो. ह्यो मानूस कधी बुडला व्हता काय?"

साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले, आणि आईला पत्रात लिहितो म्हणाले.

मग अडुसष्ट सालचा वसंत आला. तिकडे सरकारने एकाएकी खिडक्या उघडल्या. ज्यांची नावं घ्यायची नाहीत अशांची नावं वर्तमानपत्रांत यायला लागली. आमच्या चित्रकाराचं, तो तोवर मेलेला होता, मोठं प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि साहेबांना निरोप आला की चित्र घेऊन या. चित्राचे मालक म्हणून सरकारी पाहुणे व्हा, येण्याची आणि परत जाण्याची परवानगी आम्ही देतो. फक्त आमच्या बैरूतच्या वकिलातीतला अधिकारी आधी येऊन चित्र पाहील आणि ते खरं असल्याचा दाखला देईल.

साहेबांना प्रदर्शनाचं काही पडलं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. आई सत्त्याहत्तर वर्षांची होती. चित्र हा त्यांचा पासपोर्ट होता. दुसरा कुठला त्यांना त्या दारातून आत नेणार नव्हता. जूनच्या सुरुवातीला निघायचं ठरलं. तिकडे आईने माळ्यावरची खोली रंगवून घेतल्याचं कळलं.

आमचे मॅनेजर इंग्रज, आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणत असू. तोवर त्यांनी त्या चित्राला 'ते राखाडी काहीतरी' म्हटलेलं मी ऐकलं होतं. आता त्यांनी जाहीर केलं की चित्राला निरोप देण्याचा समारंभ झालाच पाहिजे. गुरुवारी संध्याकाळी, चेक साहेबांच्या घरी, वाळवंटात राहणाऱ्या तमाम गोऱ्या मंडळींच्या उपस्थितीत. अधिकारी शनिवारी यायचा होता. भाषणासाठी टिपण हवं म्हणून, या चित्राचं छायाचित्र असलेल्या साहेबांकडच्या जुन्या कॅटलॉगातला मजकूर साहेबांनी इंग्रजीत सांगितला आणि मी टाईप करून दिला.

गुरुवारी सकाळी ऑफिसला निघताना साहेब मामूला म्हणाले, "आज लोग आएगा. थोडा साफ करो, सब."

'सब' मध्ये काय काय येतं हे गलबतावरच्या माणसाला विचारायची गरज नसते.

त्या सकाळचं मी मामूकडून नंतर ऐकलं. त्याने चित्र भिंतीवरून काढलं, उलटं केलं, आणि त्याला आनंद झाला. मागून ते जाडं, घट्ट विणीचं कापड होतं. शीड. मग त्याने पुढून हात फिरवला तर खाली सगळी खरखर. दुबईत वाळू कशावर बसत नाही? ताटांत, गाद्यांत, कानांत. त्यात खाडीची खारी हवा. शिडावर वाळू आणि खार धरून राहिला की कापड आतून कुजतं, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. म्हणून हंगाम संपला की शीड उतरवतात, गोड्या पाण्याने धुतात, सावलीत वाळवतात आणि मगच घडी घालून माळ्यावर ठेवतात. खाऱ्या पाण्याने धुणारा तो आळशी.

बर दुबईत त्या वेळी नळाला येई ते मचूळ पाणी. पिण्याचं गोडं पाणी वेगळं, पिंपाने विकत यायचं. मामूने पिण्याचं पाणी घेतलं. नारळाच्या काथ्याचा कुंचा घेतला. साबण लावला नाही, कारण साबण शिडाला मानवत नाही. हलक्या हाताने, तासभर, चित्र स्वच्छ केलं. मग अंगणात बदामाच्या सावलीत उभं करून वाळवलं आणि होतं तिथे टांगलं.

मी चार वाजता खुर्च्या घेऊन आलो. चित्र ईदच्या सकाळी न्हाऊ घातलेल्या पोरासारखं दिसत होतं. काहीतरी बदललंय एवढंच मला जाणवलं. काय ते, आधीप्रमाणेच, कळलं नाही.

साहेब साडेपाचला आले. दिवा लावला. त्यांना एक सवय होती, येता-जाता चित्राच्या खालच्या अंगावर दोन बोटं टेकवायची, आपण उंबऱ्याला हात लावतो तशी. त्यांनी बोटं टेकवली आणि तशीच ठेवली. मग पूर्ण पंजा टेकवला. मी अंगणात पाहिलं. पन्हाळीच्या तोंडाशी करड्या वाळूचा लहानसा पट्टा वाळत पडला होता. तेवढ्यात बाहेर मोटारीचं दार वाजलं आणि मोठे साहेब पत्नीसह आत आले.

समारंभ फार चांगला झाला. मोठ्या साहेबांनी सांगितलं की आज युरोपचा आत्मा अरबस्तानच्या किनाऱ्यावर क्षणभर विसावला आहे. मग माझं टिपण काढून वाचलं. "या कृतीचा प्राण म्हणजे तिचा खरखरीत, वाळूमय पृष्ठभाग," ते म्हणाले, आणि त्या गुळगुळीत कापडावरून हातभर अंतरावरून पंजा फिरवला. "पाहा, इथे. जणू स्पर्श करताच बोटं सोलवटतील."

मंडळी पुढे वाकली. बोटं सोलवटतील हे सगळ्यांना पटलं. एका बँकवाल्याच्या बायकोने 'किती रानटी' असं म्हटलं, कौतुकाने. मामू समोशांचा ट्रे घेऊन फिरत होता आणि सगळे चित्राकडे बघताहेत हे बघून त्याची छाती फुगली होती. साहेब कोपऱ्यात हातातला पेला न पिता उभे होते. कुणी अभिनंदन केलं की मान लववत होते.

शुक्रवारी सकाळी मी मामूला स्वयंपाकघरात गाठलं.

"मामू, ती वाळू चित्रातली होती."

"कंची वाळू?"

"धुतलीस ती. चित्रकाराने लावलेली होती."

मामू कांदा चिरत होता. तो थांबला. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"वाळू? चित्राला?" त्याने सुरी खाली ठेवली. "अरे भाच्या, मना खुळ्यात काढतोस काय? लोक वाळू झाडून झाडून मरतायत, आन ह्यो लावत बसला?"

"त्यांच्या देशात वाळवंट नाही. त्यांना कौतुक असेल."

"मग सांगायचं नाय आधी? वरीस झालं मी पुसतोय हितलं सगळं." त्याने चिरलेला कांदा ताटलीत ओढला. मग हळूच म्हणाला, "साहेब काय बोलले?"

"काही नाही."

"काय नाय म्हंजे लय वाईट," मामू म्हणाला. "गलबतावर तांडेल शिवी देतो तोवर बरं असतं."

त्याने हात धुतले, टोपी नीट केली आणि दिवाणखान्यात गेला. मी मागे. साहेब चित्रासमोर खुर्चीवर बसले होते.

"साब," मामू म्हणाला, "गलती हो गया. मेरे को मालूम नहीं था. लेकिन रेती का क्या है, रेती मैं लाता हूँ. कितना चाहिए बोलो. किधर लगाने का वो दिखाओ, मैं लगाता हूँ."

मला वाटलं साहेब आता ओरडतील. ते हसले. पण हसता हसता त्यांचा चेहरा बदलला, आणि तो बदल मला आवडला नाही. हिशेब सुरू झालेला इंजिनियर मी ओळखत होतो.

"का नाही?" ते मला इंग्रजीत म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, आहे तसं दाखवू या. झालं ते सांगू या."

"आणि तो नाही म्हणाला तर?"



जुम्म्याचा दिवस, ऑफिस बंद. किल्ली माझ्याकडे होती. पन्हाळीपाशी पडलेली मूळ वाळू रात्रीच्या वाऱ्याने अंगणातल्या वाळूत मिसळून गेली होती, म्हणून आम्ही लॅबमधून चाळण्या आणि बंदराच्या तळातून काढलेल्या वाळूच्या बरण्या आणल्या. साहेबांनी कॅटलॉगातलं छायाचित्र भिंगाखाली धरून कण केवढे असावेत ते ठरवलं, चाळून चाळून नेमकी तीच जाडी काढली. या कामात त्या किनाऱ्यावर त्यांच्याइतका माहीतगार माणूस नव्हता. वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो हेही त्यांना ठाऊक होतं. तो आम्लाने जातो. लॅबमधलं आम्ल संपलेलं होतं आणि नव्या मागणीवर मोठ्या साहेबांची सही व्हायची होती. आठवडाभर ते भाषणाच्या तयारीत होते. मामू जुम्म्याची नमाज पढून आला आणि डिंक खलायला बसला. संध्याकाळपर्यंत वाळूचा उंचवटा होता तिथे पुन्हा उभा राहिला. मामू दोन पावलं मागे सरून म्हणाला, "खलास. आता कोणाचा बाप ओळखतो!"

मलाही ओळखू आलं नसतं. फक्त दिवा लागल्यावर मला काही आठवल्यासारखं झालं नाही. मी ते थकव्यावर ढकललं.

शनिवारी मी अधिकाऱ्याला आणायला खाडीपलीकडे, देऱ्याच्या बाजूला विमानतळावर गेलो. अब्र्यातून, तिथल्या होडीतून, खाडी ओलांडताना तो गोरा, लहानखुरा माणूस फळकुटाला दोन्ही हातांनी धरून बसला होता. घरी आल्यावर त्याने कॉफीला नकार दिला, चित्र खिडकीशी नेलं, छायाचित्राशी ताडून पाहिलं. मान डोलावली. मागचं कापड पाहिलं, पुन्हा मान डोलावली. साहेबांनी श्वास सोडला. मग त्याने खिशातून भिंग काढलं, वाळूवर धरलं, आणि नखाने एक पांढरा कण टोकरून तळहातावर घेतला.

ते दोघे त्यांच्या भाषेत बोलत होते, पण हे वाक्य तो इंग्रजीत बोलला, बहुधा साक्षीदार म्हणून माझ्यासाठी.

"हा शिंपला आहे," तो म्हणाला. "आमच्या देशाला समुद्र नाही."

साहेबांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मामूला बोलावलं, मामूने कुंचा आणून दाखवला. अधिकारी शांतपणे ऐकत होता; माणूस वाईट नव्हता. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "स्वयंपाक्याने मूळ वाळू धुतली आणि बंदराच्या इंजिनियरने नवी चिकटवली. हे मी अहवालात लिहू? वाचणारे काय म्हणतील?"

"काय म्हणतील?" साहेबांनी विचारलं.

"नकली चित्राची ही गोष्टही नकली आहे, असं." तो भिंग पुसत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही आहे तसंच दाखवायला हवं होतं. खराब झालेली चित्रं आमच्याकडे पुष्कळ आहेत. सगळीच तशी आहेत. खराब झालेलं चाललं असतं."

दाखला मिळाला नाही. चित्र खरं नाही, तर त्याचा मालकही पाहुणा नाही. परवानगीचं पुढे कुणी बोललं नाही.

ऑगस्टमध्ये रशियाचे रणगाडे त्यांच्या देशात शिरले आणि खिडक्या होत्या तशा बंद झाल्या. प्रदर्शन भरलंच नाही. ऑफिसात सगळे साहेबांना म्हणू लागले, नशीबवान आहात, तिथे अडकला असतात, त्या स्वयंपाक्याला बक्षीस द्या. मोठ्या साहेबांनी यात नियतीचा हात आहे असं सांगितलं. साहेब सगळ्यांना मान लववत. एकदाच, अहवालाच्या प्रती तपासताना, मान वर न करता मला म्हणाले, "जून आणि जुलै. दोन महिने तरी मी तिथे राहिलो असतो."

आई पुढे बरीच वर्षं जगली. त्यांची भेट झाली नाही.

मामूला साहेबांनी काढला नाही की बोल लावला नाही, आणि तेच त्याला लागलं. त्यानंतर त्या घरातली कुठलीही वस्तू तो न विचारता धूत नसे. जेवण झालं की खरकटी ताटं हातात घेऊन दारात उभा राहायचा. "साब, ये धोऊँ?" साहेब दर वेळी गंभीरपणे त्या ताटांकडे बघत आणि "हाँ, धोओ" म्हणत. मी ते बघत असे. हसू येत नसे. त्या दोघांपैकी एकाने जरी एकदा आरडाओरडा केला असता तर तिघांनाही बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं. काही आठवेल म्हणून संध्याकाळी चित्रासमोर बसायचं मी सोडून दिलं. तिथे आता बंदराची वाळू होती, आणि ती मी दिवसभर टाईप करतच होतो.

वर्ष उलटल्यावर एके दिवशी साहेबांनी स्वतः चित्र उतरवलं आणि कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून, ठेवलं. पुढच्या उन्हाळ्यात कंपनीने अधिकाऱ्यांच्या घरांना एअर कंडिशनर दिले. दिवाणखान्याला बाहेरची भिंत तेवढी एकच होती. वायरमनने कुठे बसवू म्हणून विचारलं तेव्हा साहेबांनी चित्राच्या खिळ्याकडे बोट दाखवलं, आणि त्याने भिंतीवर उरलेल्या चित्राच्या खुणेबरहुकूम भोक पाडलं. यंत्र चित्रापेक्षा थोडं अरुंद निघालं, म्हणून दोन्ही बाजूंच्या फटीत लाकडाच्या पट्ट्या माराव्या लागल्या.